सवतीचे दात

“कोणासारखं हसायचंय तुम्हाला?”

दातांच्या डॉक्टर नेदा हा प्रश्न येईल त्या बाईला विचारत असणार, रक्तदाब मोजावा तितक्या सहज. पण दोब्रिला त्या वेळी खुर्चीत आडवी होती, गळ्याशी कागदी लाळेरं, गालांत कापसाच्या गुंडाळ्या, डोळ्यांवर दिव्याचा पांढरा झोत, आणि अशा अवस्थेत माणसाला धड खोटं बोलायलाही उसंत मिळत नाही. नीशच्या बस अड्ड्यावर तिकिटाच्या खिडकीमागे तिनं निम्मं आयुष्य काढलं होतं. कुठं जायचंय, जाऊन-येऊन की नुसतंच जायचंय, हे तिनं अख्ख्या सर्बियाला विचारून झालं होतं. तिला उलट कुणी काही विचारल्याचं आठवत नव्हतं. खिडकीच्या काचेला खाली अर्ध्या चंद्रासारखी फट होती, गिऱ्हाईक वाकून त्या फटीत तोंड घालून बोलायचं, त्यामुळे दोब्रिला गावातली माणसं चेहऱ्यानं ओळखायची नाही, दातांनी ओळखायची. तो किडका लेस्कोवात्सला जातो, ती सोन्याच्या दाढेची दर महिन्याला सोफियाला. उन्हाळ्यात व्हिएन्ना-स्टुटगार्टला राबणारी मंडळी सुट्टीवर यायची, गावातल्या दवाखान्यांत ठाण मांडायची, आणि परतीच्या तिकिटाला यायची तेव्हा त्या फटीत नव्या न्हाणीघराच्या फरश्या चमकायच्या. दोब्रिला हसायची, पण तोंड मिटून. कारण तिच्या स्वतःच्या समोरच्या दाताला खाच होती, सूर्यफुलाच्या बिया फोडून फोडून पडलेली. त्या गावात निम्म्या बायकांना ती असते; संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर बसलं की बियांवाचून गप्पांना चव येत नाही. आणि मध्यंतरी एका संध्याकाळी त्या खाचेशेजारचा कोपराच एका बीवर कट्कन उडाला. व्लास्ता, तिचा नवरा, शेजारीच बसून टीव्हीवर मॅच बघत होता. तिनं तो पांढरा कण तळहातावर धरून त्याच्यापुढे केला. “डॉक्टरकडे जा,” तो म्हणाला. मान वळवली नाही. त्यानं नुसती मान वळवली असती तर ती एवढासा कोपरा भरून घेऊन गप घरी आली असती, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

“घाई नाही,” डॉक्टर नेदा म्हणाल्या. पोरगेल्या होत्या, बोलायला फाडफाड. त्यांनी स्टीलच्या तबकात तीन नमुने मांडले, मासळीवाल्यानं खवले मांडावेत तसे. “आधी हे बघा काकू. दातांवर बसवायच्या या सगळ्यांनाच आपल्याकडे टरफलं म्हणतात, पण टरफलाटरफलांत फरक आहे. हे कंपोझिट. सुतार लाकडाला लांबी भरतो ना, तसं मी इथंच तुमच्या दातावर थापून घडवते. एका बैठकीत मोकळ्या. तुमचा दात खाली होता तसा राहतो. पण कॉफी पिता का?”

“बाई, मी नीशची आहे,” दोब्रिला कापसातून म्हणाली.

“मग पिवळं पडणार, आणि चार वर्षांनी तुम्ही परत इथं. हे दुसरं पोर्सेलीन. भट्टीत भाजलेली चिनी माती. कॉफी, वाइन, सिगरेट, कशाचा डाग लागला तर माझं नाव बदला. मेल्यावरसुद्धा असंच राहील!” स्वतःच्या विनोदावर त्या खुदकन हसल्या. “पण त्यासाठी तुमचा दात वरून खरवडावा लागतो. ते कवच एकदा गेलं की गेलं. मागे फिरणं नाही.”

“नुसतंच जायचं तिकीट.”

“बरोब्बर. आणि हे तिसरं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. खरवडायचं नाही, नुसतं चिकटवायचं. पण खाली जे असेल ते यातून दिसतं. खाली काळं असेल तर काळंच.” त्यांनी हातमोजे ताणले. “आता सांगा. हसण्याचा फोटो आणलाय का एखादा? तुमचा तरुणपणीचा? बायका नट्यांचे आणतात.”

दोब्रिलाच्या तरुणपणच्या एकाही फोटोत दात नव्हते. पण तिचा अंगठा तिच्याआधी मोबाइलवर पोचला होता. चित्र आपसूक उघडलं, जणू कधीचं दाराशी उभंच होतं: लंबगोल चौकटीत एक बाई, केस मागे, पांढरी कॉलर, आणि हसू. उघडं, भरगच्च, समोरच्या दोन दातांत केसाएवढी फट.

“माझी बहीण,” दोब्रिला म्हणाली.

“अय्या, छान! लोक फट बुजवायला येतात, तुम्ही पाडून मागताय.” डॉक्टर नेदांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. “गंमत बघा हां, ओठ मिटायला निघालेत आणि दात मात्र हसतायत. आणि गालावर ही सावली कसली?”

“खळी आहे ती,” दोब्रिला म्हणाली. इतक्या झटक्यात की तिची तिलाच लाज वाटली. सवतीच्या खळीची बाजू घ्यायला ती अर्धी उठून बसली होती.

कारण ती बाई देसांका होती, व्लास्ताची पहिली बायको. आणि ते चित्रही चिनी मातीचंच होतं, भट्टीत भाजलेलं, नव्या स्मशानभूमीत थडग्याच्या काळ्या दगडावर बसवलेलं. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या नावानं बोटं मोडता येतात, ती जाड झाली, तिचे केस गेले, म्हणून मनातून साखर वाटता येते. मेलेलीचं काय करायचं? ती दर पावसात न्हाऊन निघते. दोब्रिला लग्न करून त्या घरात आली तेव्हा देसांका तिच्याहून मोठी होती. मग एका वर्षी दोघी एका वयाच्या झाल्या, आणि तेव्हापासून सवत तिच्याहून लहान होत चालली होती. दोब्रिलाच्या गळ्याला सुरकुत्या पडत होत्या आणि ती तिथं दगडावर बसून हसत होती. खळीसकट. घरात दोब्रिलानं तिचं काही ठेवलं नव्हतं. कॉफीचं पितळी भांडं शेजारणीला देऊन टाकलं, पडदे बदलले, पलंग तर भिंत सोडून खिडकीखाली सरकवला. व्लास्ता कशाला काही म्हणाला नाही. तो तिच्याबद्दल कधी चांगलं बोलला नाही, वाईटही बोलला नाही. आणि हा न बोलणारा माणूस ज्या कोपऱ्यात जाऊन गप्प बसे त्या कोपऱ्यात दोब्रिलाला सवतीचं हसू ऐकू येई. पण खरा काटा वेगळाच होता. त्या दगडावर देसांकाच्या शेजारी व्लास्ताही होता. तिकडची रीतच तशी: एक गेलं की राहिलेल्यानं आपलंही नाव, आपलंही चित्र तिथं कोरून घ्यायचं, जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. दोब्रिलाचा नवरा घरी तिच्या ताटात जेवायचा, तिच्या पलंगावर घोरायचा, आणि तरी त्याचं अर्धं तिकडे आधीच उभं होतं, कोट घालून, सवतीच्या खांद्याला खांदा लावून, नुसती रेघ पुरी व्हायची वाट बघत. त्या दगडावर तिसऱ्याला जागा नव्हती. तिनं कधी तरी, कुणी बघत नाही असं बघून, वितीनं मोजून पाहिलं होतं.

वर्षातून ठरावीक शनिवारी सगळं गाव आपापल्या मेलेल्यांकडे जेवायला जातं. मेणबत्त्या, उकडलेला गहू वाटलेले अक्रोड घालून, अंडी, पाव, फळांच्या दारूची, रकियाची बाटली. दगडालगतच्या बाकावर फडकं अंथरायचं, मेलेल्याच्या वाटणीचं मातीत ओतायचं, आपल्या वाटणीचं आपण प्यायचं. व्लास्ता त्या दिवशी दगडापुढे उभा राही, मान एका बाजूला कलती करून, आणि त्या लंबगोलाकडे बघत राही. आयुष्यभर तो टीव्हीच्या कारखान्यात होता. बंद पडलेला संच उघडून, नेमकं कुठं तुटलंय हे शोधताना तो असाच बघायचा. मेणबत्ती खाली येई तरी याचं बघणं संपत नसे. दोब्रिला मागे उभी, हातात गव्हाची वाटी. त्याच्या मानेकडे बघून तिला वाटे, हा माणूस माझ्याकडे असं अर्धा मिनिट बघेल तर मी तीही अंडी खाईन, कवचासकट. गेल्या शरदात तो पाणी आणायला नळावर गेला तेव्हा तिनं आपल्याच गळ्यातल्या रुमालानं सवतीचं तोंड पुसलं आणि मोबाइलवर फोटो काढला. कशाला, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. खिशात विंचू ठेवावा तसा तो फोटो तिनं जपला, आणि फावल्या वेळी, खिडकीपुढे रांग नसताना, काढून बघितला. ओठ. फट. गालावरची ती लांबुडकी खळी. देसांका कशाला हसली असेल? कुणाच्या कुठल्या बोलण्यावर? व्लास्तानं विनोद केलेला दोब्रिलानं तरी कधी ऐकला नव्हता. म्हणजे दोब्रिलाच्या वाटणीचे विनोदही तो सगळे तिकडेच खर्च करून बसलाय.

आता खुर्चीत आडवं पडून ती तबकातल्या तीन टरफलांकडे बघत होती, आणि तिच्या लेखी निवड कधीच झाली होती. कंपोझिट म्हणजे ती स्वतः: जागच्या जागी थापलेली, कॉफीनं पिवळी पडणारी, दर चार वर्षांनी डागडुजी. पातळ पापुद्रा तर नकोच. खालचं काळं दिसलं तर मग एवढा खटाटोप कशाला? भट्टीतून निघालेलीशी दोन हात करायचे तर आपणही भट्टीतूनच निघायला हवं. डॉक्टरांनी सांगितलं, दात खरवडल्यावर परत फिरता येणार नाही. कुठं फिरायचंय? त्या खाचेकडे?

“आधी रंगीत तालीम करू,” डॉक्टर नेदा मात्र ठाम होत्या. “तुमच्या मापाचा साचा करून घेते, त्यातून या हसण्याचं प्लॅस्टिकचं सोंग तुमच्या दातांवर चढवते. ते घेऊन घरी जा, मिरवा, नवऱ्याला दाखवा. मग सांगा कुठलं ते. नुसता मुलामा आहे तो, कडक काही चावू नका.”

सोंग चढलं ते शुक्रवारी. सोमवारी परत यायचं होतं. मधला शनिवार कुठला होता ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. दोब्रिलानं दिवस मागून घेतला होता. आरसा तिच्या हातात आला आणि ती दचकली. वर तिचे डोळे होते, बस अड्ड्याचे, थोडे सुजलेले. खाली सवत हसत होती. आपल्याच घराचं दार वाजवावं आणि ते दुसऱ्याच बाईनं उघडावं, तसं काहीसं. जीभ लगबगीनं जुनी खाच शोधायला गेली, तिथं काहीच नव्हतं, गुळगुळीत भिंत. मग तिला मधली फट सापडली आणि ती तिथंच घुटमळत राहिली, लहान मूल परक्या अंगणात घुटमळतं तशी. बोलताना ‘स’ काढला की फटीतून बारीक शिट्टी येई. बसमध्ये तिनं एका अनोळखी म्हाताऱ्याकडे बघून हसून पाहिलं. म्हाताऱ्यानं उठून जागा दिली. म्हणजे हे असं असतं होय, तिच्या मनात आलं, ही असं जगली! नुसतं तोंड उघडायचं आणि जगानं उठून जागा द्यायची. मत्सरानं तिच्या हिरड्या दुखायला लागल्या.

घरी व्लास्ता राजमा खात बसला होता. ती समोर बसली, कारण नसताना हसली. तो बघत होता बशीकडे. “मीठ जास्त आहे का?” तिनं विचारलं, शिट्टी वाजली. “ठीक आहे,” तो म्हणाला, पाव मोडला, बशी पुसली, मग क्षणभर वर बघितलं आणि म्हणाला, “कॉफी टाक.” दोब्रिला ओट्याशी उभी राहून साखर ढवळत राहिली. आपल्या घरात आपल्याच तोंडात सवत आणून बसवली तरी याला तिचा वास लागत नाही? की लागलाय, आणि म्हणूनच गप्प आहे? दोन्ही विचार सारखेच कडू होते. कॉफी उतू गेली.

शनिवारी आभाळ स्वच्छ होतं, स्मशानभूमीच्या फाटकाशी मेणबत्त्यावाल्यांची झुंबड होती. देसांकाची धाकटी बहीण कोसारा आधीच येऊन बाक बळकावून बसली होती. अंगानं चिमणीएवढी, पिशवी मात्र तिच्याहून मोठी, जीभ त्या पिशवीहून.

“आलात? मला वाटलं या वेळी तरी दोब्रिलाबाईंचे गुडघे दुखतील,” ती म्हणाली. “बसा. भावजी, तुम्ही वाळलात. ही खायला घालत नाही का तुम्हाला?”

एरवी दोब्रिला अशा वेळी ओठ आवळून पाव कापायला घेई. आज तिनं रुमाल सोडला, मान वर केली, दगडावरच्या लंबगोलाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली आणि हसली. सगळं हसू. फटीसकट.

कोसाराच्या हातातलं अंडं अर्धवट सोललेलं राहिलं. तिनं एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा दोब्रिलाकडे. छातीवर क्रूस काढला. दोब्रिलाचं काळीज नाचायला लागलं: बघ, बघ, घाबरलीस ना! आणि मग कोसाराचे खांदे हलायला लागले, नाकातून आवाज आला, आणि ती बाई भर स्मशानात पोट धरून बाकावर आडवी झाली.

“भावजी! अहो भावजी, इकडे बघा! हिनं तिहोमिरचे दात लावले!”

“कोणाचे?” दोब्रिलाचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याला मिटताही येईना.

“तिहोमिर गं! फोटोवाला! थडग्यांचे फोटो करायचा तो!” कोसारानं डोळे पुसले. “अगं बये, आमच्या देसांकाला कुठले हे दात? लहानपणी ताप आला होता, कसलंसं औषध दिलं, दात निघाले ते राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचे, भिजलेल्या सिमेंटसारखे. शाळेपासून तिचा हात तोंडावर. हसायची तर खूप, पण हाताआड. एक फोटो असेल बिनहाताचा तर शपथ! लग्नातलासुद्धा नाही. पाद्रीबाबा अंगठी घालायला हात मागतोय आणि हिचा हात तोंडावर, हसू आवरत नव्हतं ना! गेली तेव्हा दगडावर लावायला काही सापडेना. शेवटी तोच लग्नाचा घेऊन गेले भावजी. तिहोमिर म्हणाला, हात काढून टाकतो, हाताखाली काय होतं मला माहीत नाही, पण माझ्याकडे एक तयार हसू आहे.”

“तयार हसू?”

“स्वतःचं! लष्करात असतानाचं. त्या फटीचा काय गर्व होता त्याला! ज्याच्या फोटोत तोंड धड नाही त्याला हेच तोंड. जा, बघून ये की, ही ओळ सगळी त्याच्याच हातची.”

दोब्रिला गेली. मेणबत्त्यांच्या धुरातून, गहू खाणाऱ्या माणसांना वळसे घालत ती त्या ओळीनं चालत गेली, आणि एवढी वर्षं ज्या ओळीतून ती नाकासमोर बघत, एकाच दगडाकडे जीव टांगून जात आली होती, ती ओळ तिच्याकडे बघून हसायला लागली. ग्रादिमिर खाटीक हसत होता, झुपकेदार मिशांखाली केसाएवढी फट. वुकोसावा शिक्षिका हसत होती, तीच फट. एक काळ्या ओढणीतली नव्वदीची म्हातारी, तोंडाचं बोळकं असायला हवं होतं ते, तीही भरगच्च दातांनी लष्करातल्या शिपायासारखी हसत होती. दोब्रिलानं जीभ आपल्या फटीला लावली आणि झटकन मागे घेतली. ओळीच्या टोकाला खुद्द तिहोमिर होता, छानसा पिवळट संगमरवर, आणि सगळ्या ओळीत त्याचंच तेवढं तोंड घट्ट मिटलेलं. “शेवटी कवळी बसवली होती ना,” मागून कोसाराचा आवाज आला, “कवळीत फट नव्हती. पोरांना म्हणाला, मग तोंड बंदच ठेवा माझं.”

दोब्रिला परत आली ती पाय ओढत. लंबगोलाशी वाकून तिनं गालावरची खळी बघितली. आता ती खळी नव्हती. एका बोटाचं पुसायचं राहून गेलेलं टोक होतं. म्हणजे कोपऱ्यातलं ते हसू, व्लास्ताच्या गप्प बसण्यातून ऐकू येणारं, ज्याच्यासाठी तिनं भांडं देऊन टाकलं, पलंग सरकवला, आणि परवा स्वतःचा दात खरवडून घ्यायला निघाली होती, ते एका मिजासखोर फोटोवाल्याचं होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तिनं जरा वाट बघितली हलकं वाटायची. त्याऐवजी, आयुष्यभर चुकीच्या घरावर दगड मारत आल्यासारखा खांदा दुखायला लागला.

“तू मला सांगितलं नाहीस,” ती व्लास्ताला म्हणाली.

“तू कधी विचारलंस?” तो रकियाचा पेला हातात धरून उभा होता.

“मग एवढी वर्षं इथं उभा राहून बघतोस काय?”

व्लास्तानं पेल्याच्या तळाशी उत्तर आहे का ते पाहिलं. “ओळखायला बघतो,” तो म्हणाला. “जमत नाही. चांगली हसते ही बाई, पण कोण आहे कळत नाही. मग मी हात शोधतो. कुठं होता, कसा होता.” आणि पेला बाकावर ठेवून त्यानं आपला हात उचलला. जाड बोटांचा, तापल्या कथलाचे जुने चटके असलेला तो हात त्यानं उलटा करून ओठांशी नेला, अंगठा हनुवटीखाली, करंगळी जराशी अलग, पापणीसारखी थरथरती. वर डोळे बारीक झाले. त्या एवढ्याशा क्षणात तो पोट सुटलेला पेन्शनर कुठच्या कुठं गेला आणि पाद्र्यासमोर हसू न आवरणारी एक पोरगी तिथं उभी राहिली. दोब्रिलानं देसांकाला पहिल्यांदा पाहिलं. हिला चिनी माती लागत नव्हती. हिचा फोटो रुमालानं पुसून खिशात घालता येत नव्हता, हिचा साचा कुठल्याही डॉक्टरला काढता येणार नव्हता. ती व्लास्ताच्या मनगटात राहत होती, आणि तिथून तिला कोण उठवणार? आत्तापर्यंतचा मत्सर म्हणजे पोकळ बी होती. दाणा हा होता.

काही तरी करायला हवं म्हणून दोब्रिलानं गव्हाची वाटी ओढली आणि मोठा चमचा भरून तोंडात कोंबला. कोसारानं वाटलेल्या अक्रोडात कवचाचा एक तुकडा राहिला होता. कट्. सोंग मधोमध फुटलं, अर्धं जिभेवर आलं, गव्हाचे दाणे ओठांवर आले, आणि दोब्रिलाचा हात आपोआप, लाजेनं, तोंडावर गेला.

व्लास्तानं वर पाहिलं.

ती नजर तिच्या वाट्याला कधी आली नव्हती, तरी तिनं ती ओळखली. परक्या भाषेतलं आपलं नाव ओळखू यावं तशी. तो बघत होता तिच्याकडे, हाताकडे, हाताच्या वरच्या डोळ्यांकडे, आणि त्याचे ओठ किंचित सुटले होते. कोसारा अंडं सोलत काही बडबडत होती. दोब्रिला हलली नाही. भट्टी नको, खरवडणं नको, सोमवार नको. हा हात नुसता इथं राहू द्यायचा. एका हातानं तिकिटं फाडता येतात, एका हातानं कॉफी ढवळता येते. असं जन्मभर राहता येईल, तिच्या मनात आलं, आणि त्याबरोबरच हेही आलं की हात खाली आला की ही नजर जाणार, कारण ती आपल्या पत्त्यावर आलेली दुसरीची आहे. जिभेवर प्लॅस्टिकचा तुकडा टोचत होता. तिनं हात खाली घेतला.

नजर गेली. जुना टीव्ही बंद केला की चित्र मधोमध आकसून एक ठिपका उरतो आणि तोही विझतो, तशी. मग व्लास्ताचे रोजचे डोळे पुढे आले, जवळून बघायला बारीक झालेले. त्यानं अंगठ्यानं तिच्या ओठावरचा गहू पुसला.

“आहे की खाच,” तो म्हणाला. “मला वाटलं, बुजवून आलीस. शुक्रवारपासून विचार करतोय, आता ही बिया कशानं फोडणार?”

“शुक्रवारपासून?” शिट्टी वाजली नाही. “मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तू कधी विचारलंस?”

दोब्रिलानं तोंडातलं सोंग तळहातावर काढलं, दोन्ही तुकडे, आणि मेलेल्यांच्या वाटणीच्या पावाशेजारी ठेवून दिले. ज्याचे त्याला पोचोत. जीभ खाचेत जाऊन बसली, घरच्या खुर्चीत बसावी तशी. सोमवारी काय सांगायचं ते ठरल्यासारखं होतं: कंपोझिट, तेवढाच तुटका कोपरा, खाच आहे तशी ठेवून. पिवळं पडेल तर पडो. तो खाच ओळखून आहे. ती हे मनाशी दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं, आणि दोन्ही वेळा त्याच्या मागून ती दुसरी नजर येऊन उभी राहिली. मघाशी हाताआड जी बाई उभी होती, तिच्याकडे त्यानं जसं पाहिलं होतं! ती दोब्रिलाच होती की. तीच उभी होती तिथं, याच बुटांत. आणि दोब्रिलाला त्या मघाच्या दोब्रिलाचा हेवा वाटला.

कोसारा पिशवीत मीठ शोधत होती. व्लास्ता पाठमोरा वाकून मातीत रकिया ओतत होता, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. दोब्रिलानं आजूबाजूला पाहिलं, हात उलटा केला, अंगठा हनुवटीखाली घेतला, करंगळी जराशी अलग केली, आणि तो मान वळवायची वाट बघत उभी राहिली.